साखळी सोडल्यावर

"साखळी सोडलीस की गेला समज," नवरा गाडीला टेकून म्हणाला.

"नाही सोडली तरी उद्या जाणारच आहे की. तुम्ही कुत्रा देऊन टाकायचा शब्द देऊन बसलायत ना कुणाला!"

नवऱ्याचंही खोटं नव्हतं. निव्वळ फोटो बघून दोघांनी दोन खोल्यांच्या घरात कारवान आणला होता; शिकारी जातीचा, वाऱ्याच्या अंगाचा कुत्रा. वर्षभरात त्यानं सोफा फाडला, दार कुरतडलं, शेजाऱ्यांची झोप घालवली. तिनं त्याला एकच गोष्ट शिकवली होती: शीळ ऐकली की यायचं, आलं की उकडलेलं अंडं.

समोर मोकळा माळ होता. तिनं हूक काढला.

क्षणभर तो गोंधळून उभा राहिला.
मग सुटला,
आणि चारही पाय
जमिनीला न टेकलेला कुत्रा
तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

पाठीचं धनुष्य वाकत होतं, सुटत होतं. हा प्राणी आपण बाल्कनीत बांधून ठेवत होतो?

बघता बघता तो ठिपका झाला, मग ठिपकाही दिसेना. तिनं ओठांचा चंबू केला, पण कोरड्या ओठांतून नुसती हवाच आली. दुसऱ्यांदा मात्र शीळ माळभर गेली.

दूरवरचं गवत हललं. तो आला, धापा टाकत समोर बसला. तिनं पुढे केलेल्या अंड्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. मान उंच करून गळा तिच्या हातातल्या साखळीपुढे धरला.

तिला हूक लावायचा धीर होईना.

नवरा केव्हाच जवळ येऊन उभा राहिला होता. त्यानं घसा खाकरला.

"उद्या किती वाजता यायचं इथं?"