ऑटो की फिक्स?

"दादा, एक सांगा. पीसीआय क्लॉक ऑटोवर ठेवू की फिक्स करू?"

फोनवर राजरत्न होता. किसन म्हात्रेने रिसीव्हर कानाला तसाच धरून मॉनिटरवरची नवरी थांबवली. उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या त्याच्या दुकानात लग्नांच्या व्हिडिओचं मिक्सिंग चालायचं. राजरत्न हे काम इथेच, ह्याच खुर्चीशेजारी बसून शिकला. आता अंबरनाथ पूर्वेला त्याने स्वतःचं दुकान टाकलं होतं.

"कशाला पायजे तुला?"

"मशीन ओव्हरक्लॉक करतोय. सगळ्याला स्लो मोशन लावलंय, रेंडरिंग नुसतं रडतंय, आणि शनिवारी काम द्यायचंय. बायोसच्या सेटिंगमधलं बाकी सगळं कळलं, ही एकच लाइन डोक्यात जात नाही. मदरबोर्डाच्या पुस्तकात बघितलं, तर लिहिलंय काय, ऑटो म्हणजे ऑटो."

"कोनाचं काम हाय?"

राजरत्न घुटमळला. "आहे एकाचं. नंतर सांगतो ना."

किसनला सांगायची गरजच नव्हती. बदलापूरचे भोईर मुलीच्या लग्नाचं बोलायला त्याच्याकडे आले होते. जुनी ओळख सांगून, दोनदा चहा पिऊन गेले ते गेलेच. एवढं मोठं काम अंबरनाथला गेलं, हे कळायला ज्योतिषी लागत नाही.

आणि ती लाइन किसनला पाठ होती. प्रोसेसर मूळ वेगापेक्षा जास्त पळवायचा, तर पीसीआय क्लॉक फिक्स करावाच लागतो. नाहीतर प्रोसेसरबरोबर हार्ड डिस्कचा वेगही ओढला जातो. मशीन तक्रार करत नाही. एखाददोन दिवस सगळं झकास दिसतं आणि डिस्कवरच्या फाइली आतल्या आत सडत जातात. राजरत्न सोडून गेल्यावर किसनने एका घरची अख्खी हळद अशी घालवली होती आणि नवरीच्या आईच्या शिव्या खाल्ल्या होत्या. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती.

"ऑटो," किसन म्हणाला.

"नक्की ना?"

"तुला शिकवलं कोनी?"

"तुम्हीच." राजरत्न हसला. "थँक्यू दादा. वाचवलंत."

किसनने फोन ठेवला. त्याला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार दिवसांनी बरं वाटलं.

त्याचा राग साधा होता. लग्नांत तो कॅमेरा धरायचा आणि बायको, भागीरथी, फोकसचा दिवा धरून मागे उभी राहायची. ती अचानक गेली. किसनला शूटिंगला जाववेना, गिऱ्हाईक पांगलं. अशा वेळी राजरत्नने धंदा सांभाळायचा, तर तो महिन्याभरात निघून गेला. वहिनी नाहीत तर मला इथे बसवत नाही, असं काहीतरी पुटपुटला होता. तिच्या हातचं जेवून मोठा झालेला पोरगा, आणि निमित्तही तिचंच केलं त्याने.

दुपारी किसनची मुलगी प्रीती डबा घेऊन आली.

"राजूदादाचा फोन आलेला का?"

"तुला कसा माहीत?"

"असंच. काय म्हणाला?"

"मशीन पळवायचाय त्याला."

"मग नीट सांगितलंत ना?"

"सांगितला," म्हणून किसनने डब्याचं झाकण उघडलं.

प्रीती थोडी थांबली. रविवारी भागीरथीचं वर्षश्राद्ध होतं. "आईचा फोटो मोठा करायला दिलाय, पप्पा. रेशनकार्डावरचाच. दुसरा धड एकही नाही."

चामटोलीपासून कल्याणपर्यंतच्या नवऱ्या किसनने शूट केल्या आणि घरातल्या बाईकडे कॅमेरा वळवला नाही. हल्ली तिचा चेहरा आठवायचा, पण आवाज काही केल्या आठवायचा नाही. त्याची त्याला भीती वाटायची. आणि भीती वाटली की तो राजरत्नवर चिडायचा, कारण चिडायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

शनिवारी राजरत्न दुकानात आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. फडक्यात गुंडाळलेली हार्ड डिस्क त्याने टेबलावर ठेवली.

"गेली, दादा. एकही फाइल उघडत नाही. लॅमिंग्टन रोडला कॉम्प्युटरवाल्यांना दाखवून आलो, त्यांनीपण हात वर केले."

किसनने खुर्ची पुढे सरकवली, पाणी दिलं. आवाजात काळजी आणणं त्याला चांगलं जमलं. "आता भोईरांना काय सांगशील?"

"भोईर?" राजरत्नला कळेना. "त्यांचं काम मी नाही घेतलं. किसनदादांकडेच जा म्हणून सांगितलं मी त्यांना. नाही आले?"

किसनने डिस्कवरचं फडकं बाजूला केलं.

"चूक माझीच. तुम्ही बरोबरच सांगितलं असणार, मीच कुठेतरी उलटं दाबलं. सीडी काढायच्या आधीच सगळं गेलं. प्रीतीला काय तोंड दाखवू आता? उद्या सगळ्यांसमोर तुम्हाला दाखवायचं ठरलं होतं आमचं."

"मला काय दाखवायचा होता?"

"शूटच्या आधी तुम्ही रंग जुळवायला व्हाइट बॅलन्स करायचात ना, तेव्हा वहिनी कॅमेऱ्यासमोर पांढरा कागद धरून उभ्या राहायच्या. तेवढा तुकडा काढून टाकायचा, असं तुम्ही शिकवलेलं. मी टाकायचो नाही, बाजूला ठेवायचो. कॅसेटी आपण पुढच्या लग्नांना वापरल्या, म्हणून सगळं ह्या एका डिस्कवरच होतं."

त्याने बाहीने डोळे पुसले.

"फार काही नव्हतं दादा. कागद खाली घ्यायच्या, हसायच्या, आणि दर वेळी तुम्हाला एकच विचारायच्या, 'अवो, मी दिसते का?'"