आधी पावती

घरमालकांनी माझी शेगडी उचलून गटाराच्या कडेला ठेवली होती. तीन महिन्यांचं भाडं थकलं होतं ना!

थकलं, कारण मला दवाखान्यात कपडे धुण्याचं काम लागलं. मी ते तहसील कचेरीत खरं खरं सांगितलं आणि माझी विधवा पेन्शन लगेच बंद झाली. ठेकेदार मात्र पहिला पगार तीन महिन्यांनी देणार. "तोवर काय साबण खाऊ?" मी विचारलं, तर कचेरीतला कारकून हसला. हसू दे मेल्याला!

आज पगार झाला! बँकेतून नोटा घेऊन मी धावतच आले. मालकांनी हात पुढे केला.

"आधी पावती."

"पावती कशाला वहिनी? तुम्ही घरच्याच." पावती हातात असली की भाडेकरूला हाकलता येत नाही, म्हणून त्यांनी आजवर कुणालाच दिली नव्हती.

"घरच्यांची शेगडी गटारावर ठेवता?"

"पेन नाहीये."

हजेरीच्या सहीसाठी घेतलेलं नवं पेन मी पुढे केलं. शेवटी त्यांनी लिहिलं.

तेवढ्यात शेजारची द्वारका आपलं भाडं घेऊन दारात आली. "तुझं झालं की पेन इकडे दे गं!"