बारा वॅट जास्त

अधारतालच्या रामकृष्णकाकांनी घरी बनवलेल्या यंत्रात जेवढी वीज घालावी, तिच्यापेक्षा बारा वॅट जास्त बाहेर पडते, असं त्यांचं मीटर दाखवत होतं. यंत्र तपासून द्या म्हणून ते आठ वर्षं कॉलेजांना अर्ज करत होते. बघायला कोणीच गेलं नव्हतं. आमच्या भौतिकशास्त्र विभागाचं नकाराचं पत्र द्यायला मी त्यांच्या घरी गेले.

"काका, ऊर्जा अशी शून्यातून येत नाही. हे शक्यच नाही," मी दारातूनच सांगितलं.



"अहो मॅडमजी, आठ वर्षांपासून मी बी तेच म्हणून राहिलो ना!" काका वैतागून म्हणाले. "माझं मोजणं कुठं चुकून राहिलं, तेवढं तर कोणी आत येऊन सांगा!"