एक माप जास्त

औषधाचं पाचवं माप पडलं आणि हौदातलं लालभडक पाणी दूध फाटावं तसं फाटलं. लाल चोथा वेगळा होऊन हळूहळू खाली बसायला लागला आणि वर चार बोटं स्वच्छ पाणी दिसू लागलं. काठावर उभी असलेली आत्या दोन पावलं पुढे सरकली. सूत रंगवण्याचा हा कारखाना ती एकहाती चालवायची.

"जादू आहे गं ही," ती म्हणाली.

"जादू कसली!" भाची म्हणाली. "या चिकट औषधात लांबच लांब साखळ्या आहेत. साखळीला अंगभर प्लस, रंगाच्या कणाला मायनस. दिसला की धरलाच."

रसायनशास्त्र शिकलेली भाची आज सकाळी खास यासाठीच आली होती. अकरा वाजता तपासनीस येणार होते. ओढ्यात सोडायचं पाणी आजही लाल निघालं, तर कारखान्याला टाळं लागणार होतं.

भाची हात धुवायला आत गेली, तेवढ्यात आत्याने सहावं माप ओतलं.

तिला दोष तरी कसा द्यायचा? चाळीस वर्षं तिने प्रत्येक कढईत शेवटी थोडा रंग जास्तच टाकला होता आणि त्या जास्तीवरच तिच्या लाल सुताचं नाव झालं होतं. औषधाचा एवढा गुण डोळ्यांनी बघितल्यावर हात आखडता घेणारी ती नव्हेच. तिने बांबूने हौद चांगला ढवळलासुद्धा.

भाची परत आली तेव्हा चोथा विरून गेला होता. पाणी पुन्हा लालभडक.

"आत्या! काय केलंस?"

"एकच माप टाकलं. वरचं."

भाची काठावर बसली. "अगं, साखळ्या जास्त झाल्या. आता सगळ्यांच्या अंगावर प्लसच उरलाय. एकमेकींना दूर ढकलतायत, म्हणून कुणी खाली बसत नाही."

"मग काढ ना त्या बाहेर."

"काढता येत नाहीत."

सव्वादहा झाले होते. सूत पिळणाऱ्या अकराजणी काम सोडून दाराशी आल्या होत्या. आत्याने त्यांच्याकडे बघितलं. "माझ्याच हाताने टाळं लावलं गं मी," ती म्हणाली आणि तिला खरंच रडू आलं.

भाची एकदम उठली. "कढईत रंग उरलाय?"

"आहे की. दोन बादल्या."

"आण. हौदात ओतायचाय."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पाणी स्वच्छ करायला रंग ओतायचा?"

भाचीने वाद घातला नाही. काचेच्या पेल्यात हौदातलं पाणी घेतलं, कढईतल्या रंगाचे काही थेंब टाकले आणि ढवळलं. पाणी आणखी गडद झालं. मग त्यात कण दिसायला लागले, कणांचे पुंजके झाले आणि दोघींच्या डोळ्यांदेखत सगळा लाल रंग खाली उतरला. आत्याने पेला उजेडात धरला.

"रिकाम्या साखळ्यांना धरायला रंग मिळाला," भाची हळूच म्हणाली.

हौदात रंग आत्याने स्वतः ओतला. दुसरी बादली अर्धी झाली तेव्हा भाची "बस" म्हणाली, आणि आत्या एक थेंबही वर न टाकता थांबली.

तपासनीस आले तेव्हा सगळ्या बायका हौदाभोवती उभ्या होत्या. त्यांनी बाटली भरली, उजेडात धरली, दोनदा हलवली आणि कागदावर सही केली. "चांगलं आहे. सोडा पाणी."

आत्या वाकून बघत होती. माणूस बुडेल एवढ्या खोल पाण्याच्या तळाशी तिचा लाल रंग नुकत्याच अंथरलेल्या सतरंजीसारखा पसरला होता, आणि मध्ये काही म्हणता काही नव्हतं.

"सोडा ना पाणी," तपासनीस पुन्हा म्हणाले.

"सोडते हो," मान वर न करता आत्या म्हणाली. "जरा बघू द्या."

तपासनिसांनी बाटलीला बूच लावलं आणि तेही काठाशी येऊन उभे राहिले.