गळ्यातला माईक

लेक गणितात नापास झाली म्हणून बाईंनी मला शाळेत बोलावलं आणि माझ्यादेखत तिला फैलावर घेतलं. "हिच्या कानात मशीन, माझ्या गळ्यात त्याचा माईक. माझा शब्दन्‌शब्द थेट हिच्या कानात पडतो! तरी ही तासभर नुसती माझ्या तोंडाकडे बघत बसते."

माझंही टाळकं सणकलं. "एवढं सगळं असून ऐकत का नाहीस गं?" मी तिच्यावर खेकसले.

लेकीने बाईंच्या गळ्याकडे बोट दाखवलं. माईकचा दिवा विझलेला होता.

"बाई, हा तर बंद आहे!" मी म्हणाले.

 

"बंदच ठेवते. शाळेची महागाची वस्तू, रोज वापरली तर बिघडायची नाही का? साहेब तपासणीला येतात, तेव्हा करते की चालू!"