तिसरी प्रत

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनवाला टायपिस्टबाईंनी मागच्या खोलीचं दार लोटून घेतलं, यंत्रात कागद चढवला आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदाच स्वतःच्या मनातलं टाइप करायला बसल्या.

यंत्र कचेरीनंच निरोपाला भेट दिलेलं. एका फटक्यात दोन जुन्या वस्तू मार्गी लागल्या म्हणून कचेरी खूश होती.

मजकूर महिनाभर डोक्यात घोळत होता. पण बोटं पडली सरकारी. त्यांनी आधी उमटवलं, 'विषय : यापुढील जगणे.' मग 'संदर्भ :' आणि तिथं बाई अडल्या. जरा विचार करून त्यांनी टाइप केलं, 'नाही.' त्यांना एकदम इतकं हलकं वाटलं की उठून खिडकी उघडून आल्या.

मग यंत्र थांबलं नाही. सकाळचा पहिला चहा मी बसून पिईन आणि गरम असताना पिईन. बाहेर जाताना कुठे जाते ते सांगेन. जाऊ का, असं विचारणार नाही. पटलं नाही तर 'बरं' म्हणणार नाही. नातीला रोज दोन तास सांभाळीन, दिवसभर नाही. मागची खोली माझी आहे. शेवटच्या वाक्यापर्यंत चूक एकही झाली नाही. चुका करायची बाईंना सवयच नव्हती.

तेवढ्यात दार उघडलं. पुढे बाईंचे यजमान, मागे मोजायची टेप घेतलेली सून. यजमान दुसऱ्या एका कचेरीत साहेब होते. तीन वर्षांपूर्वी तिथून निवृत्त झाले. 'साहेब' हे नाव तेवढं घरी घेऊन आले. तेव्हापासून सही करायला काही मिळत नसल्यामुळे त्यांची तब्येत जरा खालावलीच होती. दाराशी कुरिअरवाला आला की सगळ्यांच्या आधी तेच धावत.

"आई, टेपचं टोक धरता का जरा?" सून म्हणाली. "पाळणा खिडकीशी बसतो का बघते. माझी रजा सोमवारी संपते आणि तुमची आजपासून सुरू! काय जमून आलंय बघा."

बाईंनी टोक धरलं नाही. यंत्रातला कागद ओढून काढला आणि साहेबांपुढे केला.

"वाचा."

आरडाओरडा होणार हे धरूनच त्या बसल्या होत्या. उत्तरं पाठ होती.

कागद हातात येताच साहेबांची पाठ ताठ झाली. त्यांनी चष्मा चढवला, एकदा वाचलं, खुर्ची ओढून घेतली, पुन्हा वाचलं. चेहऱ्यावर रागाचं नाव नव्हतं. उलट तीन वर्षांत दिसलं नव्हतं असं तेज आलं होतं.

"मसुदा उत्तम आहे," ते म्हणाले. "भाषा थोडी कडक झालीय. पेन दे."

"मसुदा नाहीये तो. तुम्हाला कळावं म्हणून दिलाय."

"कळावं म्हणून? मग हे काय?"

त्यांनी बोट ठेवलं तिथं, कागदाच्या तळाशी उजवीकडे, चार ओळींची जागा मोकळी होती आणि तिच्याखाली टिंबांची सरळ रेघ. डावीकडे 'मंजुरीसाठी सादर'. हे आपण कधी टाइप केलं ते बाईंना काही केल्या आठवेना.

"ते... सवयीनं झालं."

"होतं गं. आणि मी कुठे नाही म्हणतोय? मंजूरच करतोय."

साहेबांनी चहाच्या वाक्यात 'शक्यतो' घातलं. 'विचारणार नाही'च्या आधी 'घरात अडचण नसल्यास' आलं. दोन तासांच्या पुढे 'किमान' की मागे, यावर ते बराच वेळ अडले. शेवटी 'किमान दोन तास' केलं आणि 'दिवसभर नाही' खोडलं. 'खोली माझी आहे'चं 'माझीही आहे' झालं.

"आणि ही 'बरं'ची ओळ कशाला? आपल्या घरात कधी तसं झालंय का?"

"छे!" सून म्हणाली. "आई कधी काही बोलल्याच नाहीत."

साहेबांनी ओळ छाटली. पेनचं टोपण लावत मायेनं विचारलं, "आता कसं, सगळ्यांचं जमलं. पटतंय ना तुला?"

"बरं," बाई म्हणाल्या.

"मग स्वच्छ टाइप कर. तीन प्रती काढ. एक माझ्याकडे राहील, एक मुलाच्या हातात देऊ."

"आणि तिसरी?"

"तिसरी तुझीच की."

बाईंनी तीन कागदांमध्ये दोन कार्बन घातले, कडा जुळवल्या. सून त्यांच्या पायांभोवती मापं घेत होती. "आई, पाय" म्हणाली की त्या टाइप करता करता पाय उचलत. याही खेपेला चूक झाली नाही. साहेबांनी तिन्हींवर सावकाश, लफ्फेदार सही केली आणि तारीख स्वतः घातली.

तिसरी प्रत नेहमीच पुसट निघते. पाळण्याची जागा सोडून बाई खिडकीशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी कागद उजेडासमोर धरला. सून त्यांच्या खांद्यावरून डोकावली.

"अय्या, यावर तर काहीच दिसत नाही!"

"सही दिसतेय ना?" बाईंनी कागदाची घडी घातली. "मग चालतं."