लेख मागे घेताना

हेमांगीने 'लेख मागे घ्या' या बटणावर बोट टेकवलं, पण तिला ते दाबवेना. कंपवातावरचा तो लेख तिच्याच नियतकालिकाने छापला होता, आणि छापून येताच त्यातला उपचार जगभरच्या रोग्यांच्या मेंदूतल्या चिपमध्ये आपोआप सुरू झाला होता. हल्ली सगळं असंच चाले. लेख मागे घेतला की उपचारही तिथल्या तिथे बंद. आज उघड झालं होतं, की दगावलेले रोगी लेखकांनी आकडेवारीतून सरळ गाळले होते.

समोर तिचे वडील, आप्पा, बशीत चहा ओतत होते. कित्येक वर्षं ज्यांना साधा पेला धरवत नव्हता, त्यांच्या हातून आता थेंबही सांडत नव्हता.

"तोंड का उतरलंय गं?" त्यांनी विचारलं.

"एक लेख खोटा निघालाय, आप्पा. माणसं मेलीत त्यानं."

"मग घे की मागे. संपादक ना तू?"

"आप्पा, तो लेख..."

"कळलं मला." आप्पांनी बशी ओठांशी नेली. "एवढा चहा होऊ दे."

चहा ते कधी नव्हे इतक्या सावकाश प्यायले. मग रिकामी बशी खाली ठेवून, दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसले आणि म्हणाले, "हं, दाब आता."